टनीला मिळालेले जादा सेकंद: डेम्प्सीला खरंच लुटलं गेलं का?

तुझा प्रश्न असा: २२ सप्टेंबर १९२७ ला शिकागोत झालेल्या लढतीत जीन टनी सातव्या फेरीत १३-१४ सेकंद खाली होता. नियम १० सेकंदांचा, म्हणजे पडलेला तेवढ्यात उठला नाही तर नॉकआउटने हरला. मग जॅक डेम्प्सी नॉकआउटने जिंकून पुन्हा हेवीवेट चॅम्पियन का झाला नाही? रेफ्रीने त्याचा हातातोंडाशी आलेला घास काढून घेतला का? आणि त्या जागी मी रेफ्री असतो तर काय केलं असतं?

आधी माझं मत सांगून टाकतो. टनीला जादा सेकंद मिळाले, हे खरं आहे. त्यांचा त्याला फायदा झाला, हेही मला मान्य आहे. पण ते सेकंद त्याला डेम्प्सीने दिले. रेफ्री डेव्ह बॅरीला जाब विचारायचाच असेल तर तो आठव्या फेरीबद्दल विचारायला हवा, आणि त्या फेरीबद्दल फारसं कोणी बोलतच नाही.

डेम्प्सी कसा लढायचा हे माहीत नसेल तर सातवी फेरी नीट समजत नाही. ४ जुलै १९१९ ला टोलिडोमध्ये त्याने जेस विलर्डकडून विजेतेपद घेतलं, तेव्हा पहिल्याच फेरीत विलर्डला सात वेळा खाली पाडलं होतं. विलर्ड उठायची धडपड करत असताना डेम्प्सी हाताच्या अंतरावर उभा असायचा. समोरच्याचा गुडघा कॅनव्हासवरून, म्हणजे रिंगच्या जमिनीवरून, सुटला की पुढचा ठोसा तयार. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर लुईस फिर्पोविरुद्धही त्याने हेच केलं. त्या लढतीत एकदा फिर्पोने त्याला दोरांमधून थेट रिंगबाहेर, पत्रकारांच्या अंगावर फेकलं होतं. पत्रकारांनी हात लावून त्याला आत ढकललं आणि दुसऱ्या फेरीत तो जिंकला. खाली पडलेल्याने कोणाच्याही मदतीशिवाय उठायचं, हा नियम तेव्हाही होताच. काउंटच्या, म्हणजे पडलेल्यासाठी होणाऱ्या सेकंदांच्या मोजणीच्या बाबतीत नियतीने डेम्प्सीवर कायम अन्याय केला असं ज्यांना वाटतं, त्यांनी फिर्पो लढतीची फिल्म एकदा जरूर पाहावी.

फिर्पोनंतर तीन वर्षं डेम्प्सी विजेतेपदासाठी रिंगमध्ये उतरलाच नाही. सप्टेंबर १९२६ मध्ये फिलाडेल्फियात उतरला, तेव्हा एक लाख वीस हजारांहून जास्त लोकांसमोर, पावसात, टनीने त्याला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. टनीची घडणच वेगळी होती. अमेरिकन मरीन दलातून आलेला, वाचनाचा नाद असलेला, मागे सरकत सरकत डाव्या जॅबवर (सरळ, झटक्यात मारलेल्या ठोशावर) समोरच्याला खेळवणारा हा बॉक्सर. तोपर्यंतच्या कारकिर्दीत त्याला एकट्या हॅरी ग्रेबने हरवलं होतं, तेही १९२२ मध्ये. कॅनव्हासवर त्याला कोणीच बसवलं नव्हतं.

दुसऱ्या लढतीआधी डेम्प्सीने जुलै १९२७ मध्ये जॅक शार्कीला हरवलं. तो प्रसंग मी ज्यांना बॉक्सिंग शिकवतो त्या मुलांना नेहमी सांगतो. कमरेखाली ठोसे बसतायत अशी तक्रार करायला शार्कीने रेफ्रीकडे मान वळवली आणि त्याच क्षणी डेम्प्सीचा लेफ्ट हुक, म्हणजे डाव्या हाताने बाजूने वळवून मारलेला ठोसा, त्याच्या जबड्यावर बसला. लढत संपली. डेम्प्सीची नजर नेहमी समोरच्याच्या उघड्या हनुवटीवर असायची. त्या वेळी रेफ्री काय सांगतोय, याकडे त्याचं लक्ष नसायचं. शार्कीविरुद्ध ही सवय त्याच्या कामी आली. दोन महिन्यांनी तीच नडली.

शिकागोच्या सोल्जर फील्डवर त्या रात्री एक लाखाहून जास्त प्रेक्षक होते. तिकिटांचे साडेसव्वीस लाखांहून जास्त डॉलर जमले, आणि १९२७ मध्ये हा आकडा अचाट होता. टनीचा वाटा दहा लाखांना थोडासा कमी पडत होता, म्हणून त्याने फरकाची रक्कम स्वतः भरली आणि आयोजक टेक्स रिकार्डकडून पूर्ण दहा लाखांचा चेक घेतला. रेडिओवर ग्रॅहॅम मॅकनामी वर्णन करत होता आणि अख्खी अमेरिका कान लावून बसली होती. हा वाद एवढा का पेटला, याचं एक कारण इथे आहे. बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर अमेरिकेत १९१२ पासून कायद्याने बंदी होती. त्यामुळे लाखो लोकांनी तो काउंट आधी कानाने ऐकला आणि डोळ्यांनी पाहायला त्यांना वाट पाहावी लागली, नाहीतर चोरून पाहावा लागला.

आता सातवी फेरी. तोपर्यंत टनी गुणांवर स्पष्ट पुढे होता. फेरी सुरू होऊन साधारण ५० सेकंद झाले असतील. टनी दोरांजवळ सापडला आणि डेम्प्सीचा हुक बसला. पहिल्याच जोरदार फटक्याने टनीचे हात खाली आले. तो कोसळत असताना डेम्प्सी मारतच राहिला, दोन्ही हातांनी, एकामागून एक. टनी दोरांवरून घसरत खाली बसला. एक पाय दुमडलेला, डावा हात दोराला धरून. डेम्प्सी मागे सरकला तो जवळच्याच कोपऱ्यात, टनीपासून काही पावलांवर, जुन्या सवयीप्रमाणे. बॅरीने त्याला समोरच्या, सगळ्यात लांबच्या न्यूट्रल कॉर्नरकडे (दोघांपैकी कोणाचाही नसलेल्या कोपऱ्याकडे) बोट दाखवलं. डेम्प्सी हलला नाही. बॅरीने त्याला हात लावून ढकललं, तेव्हा तो निघाला. रिंगबाहेर घड्याळावर सेकंद मोजणाऱ्या टाइमकीपर पॉल बीलरचा काउंट एव्हाना पाचाच्या आसपास पोहोचला होता. बॅरी वळला, टनीवर वाकला आणि त्याने 'वन'पासून सुरुवात केली. बॅरीच्या 'नाइन'ला टनी उभा राहिला.

घडलं ते एवढंच. यातला गुंता नियमात आहे, आणि बहुतेक लोक तिथेच घसरतात.

१८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांत लिहिलं होतं की पडलेल्याला मदतीशिवाय उठायला १० सेकंद मिळतील आणि तोवर दुसऱ्याने आपल्या कोपऱ्यात जायचं. म्हणजे पाडणाऱ्याने दूर जायचं, ही काही शिकागोत कोणी नव्याने काढलेली अट नव्हती. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या बॉक्सिंग आयोगाने ती आणखी स्पष्ट केली होती. बॉक्सर पडला की टाइमकीपरने लगेच उठून सेकंद मोजायचे. रेफ्रीने आधी दुसरा बॉक्सर लांबच्या कोपऱ्यात गेलाय ना, ते पाहायचं आणि मग टाइमकीपरचा काउंट उचलायचा, म्हणजे त्याच्या आकड्यापासून त्याच्यासोबत मोजायचं. दुसरा बॉक्सर गेला नाही, किंवा जाऊन परत आला, तर रेफ्री आणि टाइमकीपर दोघांनीही मोजणं थांबवायचं. हा नियम लढतीआधी दोन्ही बाजूंना सांगितला गेला होता. रिंगच्या मध्यभागी दोघांना समोरासमोर उभं करून बॅरीने तो पुन्हा ऐकवला होता. त्यामुळे 'डेम्प्सीला नियम माहीत नव्हता' हा बचाव टिकत नाही. त्याला माहीत होता, पण त्या क्षणी आठवला नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि रेफ्री फक्त पहिलीच विचारात घेऊ शकतो.

मग बॅरीचं सगळंच बरोबर होतं का? नाही. पण चूक केवढी होती ते मोजून बघ. डेम्प्सी हलत नाही हे दिसताच बीलरने थांबायला हवं होतं. समज, तो 'वन' किंवा 'टू' म्हणून थांबला असता. डेम्प्सी कोपऱ्यात गेल्यावर बॅरीने तिथूनच पुढे उचललं असतं. म्हणजे नियम तंतोतंत पाळला असता तर टनीला मिळालेले बहुतेक जादा सेकंद तसेच मिळाले असते. बॅरीने पुन्हा 'वन'पासून सुरुवात केल्यामुळे जो फरक पडला तो एक-दोन सेकंदांचा. चार-पाच सेकंदांची चोरी झाली असं जे रंगवलं जातं, तो हिशेब चुकीचा आहे. त्यातले तीन-एक सेकंद कोणत्याही प्रामाणिक रेफ्रीने टनीला दिलेच असते.

आणखी एक गोष्ट, जी रिंगमध्ये उभं राहिल्याशिवाय पटत नाही. पडल्यानंतर आधी एक सेकंद जाऊ द्यायचा आणि मग 'वन' म्हणायचं, असं आम्हाला हौशी बॉक्सिंगमध्ये शिकवलं जातं. कोपऱ्याकडे हात दाखवण्यात, आवाज चढवण्यात, पडलेल्याच्या समोर येऊन वाकण्यात आणखी थोडा वेळ जातो. रेफ्रीचा 'टेन' आणि घड्याळाचा दहावा सेकंद कुठल्याही लढतीत तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून खाली बसलेल्या बॉक्सरला आम्ही बजावतो की घड्याळाचा विचार करू नकोस, रेफ्रीची बोटं बघ. त्याच्यापुरता काउंट म्हणजे रेफ्रीचा काउंट. टनीने तेच केलं. आपण साधारण 'टू'पासून बॅरीचा काउंट ऐकत होतो आणि आधीही उठू शकलो असतो, असं तो पुढे सांगत असे. डेम्प्सीनेही त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवला नाही.

मला विचारशील तर टनीचा हा दावा निम्मा पटतो. फिल्म बघ. बसल्यानंतर पहिले काही क्षण त्याची नजर कशावरच नाही. मान सैल आहे, चेहरा कोरा आहे. मग डोकं वर येतं आणि तो बॅरीकडे बघतो. तिथून पुढे तो शुद्धीवर आहे, 'नाइन'ची वाट बघत विश्रांती घेतोय, हे स्पष्ट दिसतं. पण बॅरीचा काउंट सुरू होण्याआधीचे जे क्षण आहेत, ज्यात डेम्प्सी कोपऱ्यात हट्टाने उभा आहे, तेच टनीसाठी सगळ्यात मोलाचे होते. हनुवटीवर फटका बसल्यावर पहिल्या काही सेकंदांत डोकं सर्वांत जास्त बधिर असतं. ते सेकंद डेम्प्सीने त्याला फुकट दिले. नाहीतर टनी बीलरच्या काउंटवर 'नाइन'ला उठला असता का? माझा अंदाज, उठला असता. पाय तेवढे पक्के असते का? मला शंका आहे. आणि डेम्प्सीला बरोबर हीच संधी हवी होती.

उठल्यावर टनीने जे केलं ते मात्र शंभर टक्के त्याचं स्वतःचं. फेरीचे जवळजवळ दोन मिनिटं बाकी होते. तो मागे सरकत, गोल फिरत राहिला. दोरांजवळ थांबला नाही, चिडून समोर आला नाही, उगाच मिठीही मारत बसला नाही. ३२ वर्षांच्या डेम्प्सीचे पाय त्याचा पाठलाग करू शकले नाहीत. एका क्षणी तर डेम्प्सी थांबला आणि दोन्ही ग्लोव्हजनी खुणा करून म्हणाला, ये, लढ. टनी गेला नाही. मुलांना पायांचं काम शिकवताना मी ही दोन मिनिटं दाखवतो. ठोसा खाल्ल्यावर मागे कसं सरकायचं, कुठल्या बाजूला वळायचं, दोरांना पाठ कधी द्यायची नाही, सगळं त्यात आहे. काउंटच्या गोंगाटात टनीची ही कामगिरी लोकांच्या नजरेतून निसटली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता आठवी फेरी. टनीच्या उजव्या ठोशाने डेम्प्सी खाली गेला. गुडघा टेकला आणि जवळजवळ लगेच उठला. इथे बॅरीने काय केलं? टनी लांबच्या कोपऱ्याकडे वळण्याआधीच त्याने काउंट सुरू केला. सातव्या फेरीत डेम्प्सीसाठी जो नियम त्याने इतक्या कडकपणे लावला, तो पाच मिनिटांच्या आत टनीसाठी लावला नाही. डेम्प्सी लगेच उठल्यामुळे निकालावर फरक पडला नाही, हे खरं. पण रेफ्रीचं काम निकालावर काय फरक पडला यावरून तोललं जात नाही. दोन्ही बॉक्सरसाठी एकच मापटं होतं का, हेच पाहायचं असतं. आणि इथे बॅरी उघडा पडतो. डेम्प्सीच्या बाजूच्या लोकांनी सगळी ताकद सातव्या फेरीवर खर्च केली. त्यांनी आठवीवर बोट ठेवलं असतं तर त्यांचं म्हणणं जास्त वजनदार झालं असतं.

लढत दहा फेऱ्यांची होती. एकमताने टनी जिंकला. डेम्प्सीच्या बाजूने आयोगाकडे दाद मागितली गेली, ती फेटाळली गेली.

आता त्या दुसऱ्या कुजबुजीबद्दल, कारण ती तुझ्याही कानावर येईल. शिकागोत तेव्हा अल कपोन या गुंडटोळीच्या म्होरक्याचा दबदबा होता आणि डेम्प्सीवर त्याचे बरेच पैसे लागलेत अशी बोलवा होती. डेव्ह मिलर रेफ्री असेल अशी सगळ्यांची अपेक्षा असताना ऐनवेळी बॅरीचं नाव आलं. एवढ्यावरून कोणी म्हणतं बॅरी टनीच्या बाजूने फोडला होता, तर कोणी म्हणतं मिलर डेम्प्सीच्या बाजूने फोडला होता म्हणून बदलला. पुराव्याशिवाय मी यातलं काहीही मानत नाही. फिक्सिंग करणारा रेफ्री डेम्प्सीच्या सवयीवर विसंबून राहिला असता का? डेम्प्सी पहिल्याच खुणेला कोपऱ्यात गेला असता तर बॅरीला काउंट लांबवायला काही निमित्तच नव्हतं.

अशीच तक्रार हेवीवेटच्या इतिहासात पुन्हा एकदा झाली आणि ती मला जास्त विचार करण्यासारखी वाटते. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम, माइक टायसन विरुद्ध जेम्स 'बस्टर' डग्लस. आठव्या फेरीच्या अगदी शेवटी टायसनच्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) डग्लस पडला. त्याने चिडून ग्लोव्ह कॅनव्हासवर आपटला, म्हणजे भान पूर्ण होतं. रेफ्री ऑक्टाव्हियो मेरानचा काउंट टाइमकीपरच्या मागे पडला होता. डग्लस 'नाइन'ला उठला, घंटा झाली आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनलाच नॉकआउट केलं. टायसनच्या बाजूने प्रमोटर डॉन किंगने गदारोळ केला आणि डब्ल्यूबीसी व डब्ल्यूबीए या बॉक्सिंगच्या दोन संघटनांनी निकाल मानायचं लांबणीवर टाकलं. सगळीकडून टीका झाल्यावर काही दिवसांत त्यांना तो मानावा लागला. फरक बघ. शिकागोत उशीर बॉक्सरमुळे झाला, टोकियोत रेफ्रीमुळे. टाइमकीपरचा काउंट चालू असताना तो न उचलणं ही रेफ्रीची सरळ चूक आहे. म्हणून तांत्रिकदृष्ट्या टायसनची तक्रार डेम्प्सीपेक्षा बळकट होती. तरीही डग्लसचा विजय रद्द करणं चुकीचं ठरलं असतं, कारण त्याने रेफ्रीची बोटं बघून, रेफ्रीच्या काउंटवर, वेळेत उठून दाखवलं. रेफ्री हळू मोजतोय म्हणून बॉक्सरला शिक्षा कशी देणार?

मी तिथे असतो तर काय केलं असतं? डेम्प्सी हलला नाही तर मीही मोजलं नसतं. आजच्या नियमानेही रेफ्रीने काउंट थांबवायचा आणि दुसरा बॉक्सर कोपऱ्यात गेल्यावर जिथे थांबवला तिथून पुढे न्यायचा असतो. त्यामुळे मी 'वन'वर परत गेलो नसतो, टाइमकीपरकडे एकदा बघून पुढचा आकडा घेतला असता. डेम्प्सीला ढकलण्यात मी वेळ घालवला नसता. एक खूण, एक मोठा आवाज आणि त्यानंतर डोळे पडलेल्या माणसावर. त्याचे डोळे, मान आणि गुडघे बघणं हे त्या क्षणी रेफ्रीचं पहिलं काम असतं, आणि बॅरी ते तीन-चार सेकंद टनीकडे पाठ करून उभा होता. टनीला खरोखर गंभीर इजा झाली असती तर? माझ्या लेखी त्या रात्री सातव्या फेरीतली बॅरीची सगळ्यात मोठी चूक हीच होती, आणि तिचा विजेतेपदाशी काही संबंध नाही.

टनीने पुढच्या वर्षी जुलैमध्ये टॉम हीनीला हरवलं आणि चॅम्पियन असतानाच निवृत्ती घेतली. डेम्प्सी विजेतेपदासाठी पुन्हा लढला नाही. या दोघांची पुढे चांगली मैत्री झाली आणि ती टिकली.

त्या लढतीची फिल्म आज सहज बघायला मिळते. पहिल्यांदा बघशील तेव्हा घड्याळाकडे अजिबात बघू नकोस. सातव्या फेरीत फक्त डेम्प्सीच्या पायांकडे लक्ष ठेव. ते केव्हा हलतात आणि कोणी हलवल्यावर हलतात ते बघ. मग आठव्या फेरीत बॅरीचा हात बघ, तो वर जातो तेव्हा टनी कुठे उभा आहे ते नोंदव. त्यानंतर मला लिही. तुझं मत वेगळं असेल तर मला ते कारणांसकट ऐकायचंय.